सँडविच खायला मोशीपर्यंत

प्रिय विजू,

चौथीत गुरुजींनी आमच्याकडून पत्राचे मायने पाठ करून घेतले होते. वडलांना तीर्थरूप, धाकट्या भावाला चिरंजीव, आणि सुनेला चिरंजीव सौभाग्यवती. आज पिंकीच्या जुन्या वहीचं पान फाडून बसले, 'चि.' एवढं लिहिलं आणि पुढं पेन अडलं. ते पान चुरगाळलं आणि दुसरं घेतलं. पिंकीच्या पुस्तकात एका मुलीनं मैत्रिणीला लिहिलेलं पत्र आहे, त्यात वर नुसतं 'प्रिय' आहे. म्हटलं हे बरं आहे, ह्यात कुणाचं काही गेलेलं दिसत नाही.

एका घरात राहून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तोंडानं सांगायचा प्रयत्न मी करून बघितला गं. मागच्या आठवड्यात तू कणीक मळत होतीस तेव्हा मी मागं येऊन उभी राहिले. तू विचारलंस, आई काही हवंय का, तर मी म्हटलं गॅस संपत आलाय वाटतं. सिलेंडर चांगला अर्धा भरलेला होता. आपल्या दोघींचं असंच आहे. माझ्या निरंजनचा विषय निघाला की एक जण कपडे वाळत घालायला जाते. तो गेल्यापासून चार वर्षांत आपल्या घरात ओले कपडे कधी बादलीत पडून राहिले नाहीत. म्हणून हे लिहून तुझ्या पिशवीत डब्याच्या खाली ठेवते, म्हणजे आधी जेवशील आणि मग वाचशील. उपाशीपोटी वाचू नकोस. अक्षर माझं कोंबडीनं पाय ओढल्यासारखं आहे. जिथं लागणार नाही तिथं सोडून दे, पुढं मी तेच परत सांगितलेलं असेल.

तर गोष्ट तुझ्या गुरुवारची आहे. गुरुवारी तुमच्या कंपनीला सुट्टी. पिंकी शाळेतून आली की तुम्ही दोघी बाजारात जाऊन येतो म्हणून निघता आणि तीन तासांनी मेथीची एक जुडी घेऊन येता. दीड वर्ष झालं असेल ह्याला. मी म्हणायचे, जाऊ दे, पोरीला जरा मोकळं वाटतं. मग उन्हाळ्यात तिचं दप्तर धुवायला काढलं, तर आतल्या कप्प्यात कागदी रुमालांची चळत निघाली. सगळे निळ्या अक्षरांचे, प्रत्येकाच्या नीट चार घड्या. विचारलं तर म्हणाली, सँडविचच्या दुकानातले, मम्मी आणि मी जातो ना. आणि लगेच तोंडावर हात. एवढुशी आहे, पण तुझी लेक शोभते. मी पुढं काही विचारलं नाही, घड्या मोडू न देता रुमाल परत ठेवले. खरं ते लिहिते. तेहतीस वर्षांची बाई दीड वर्ष दर गुरुवारी एकाच दुकानात जाते, सांगत नाही, ते काही ब्रेडसाठी नसतं, एवढं चौथी शिकलेलीलाही कळतं. मला वाटलं, ही जाणार. पिंकीला घेऊन जाणार, आणि मी कासारवाडीच्या ह्या दोन खोल्यांत एका माणसाचा भात लावत बसणार.

तरी म्हटलं, आधी बघू तरी. कोण जाणे, ब्रेडच चांगला असेल. शेजारच्या कुसुमताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं (ती अजून विचारते, आई, नंबर वाढला का) आणि नाशिक फाट्याला गेले. पुलाच्या अलीकडं निळ्या पाटीचं दुकान आहे. नाव इंग्रजीत आहे, पिंकी म्हणते ते माझ्या तोंडात बसत नाही. आत काय गार वाटलं म्हणून सांगू. मी आपली खुर्चीवर बसले. पंगतीत कसं, आपण पाटावर बसायचं, वाढणारा येतो. उठून मागणं हा हावरटपणा, असं आमच्या आईनं शिकवलेलं. म्हणून मी बसून राहिले. पाऊण तास गेला. पोरंपोरी येतात, काचेसमोर उभी राहतात, बोटं दाखवतात, खातात, जातात. माझ्याकडे कुणी येईना. शेवटी तिथली एक पोरगी आली आणि विचारलं, आजी, कुणाची वाट बघताय का? मी म्हटलं, वाढणाऱ्याची.

हसली बिचारी, पण हाताला धरून काचेपाशी नेलं. मग सुरू झालं तिचं. ब्रेड कोणता, आत पनीर का बटाट्याची टिक्की, चीज घालू का, भाज्या कोणत्या, वर सॉस कोणता. मी प्रत्येकाला म्हटलं, चालेल. कुणाच्या घरी गेल्यावर चहा घेता का सरबत, असं विचारलं तर आपण काय म्हणतो? काहीही चालेल. मला हे हवं असं म्हणणारी बाई मी आयुष्यात बघितलेली नाही. मी चालेल म्हणायची आणि ती घालायची. आंबट, गोड, तिखट, एक पांढरं गिळगिळीत, एक पिवळं नाकात जाणारं, सगळं एका ब्रेडमध्ये. अन्न टाकायचं नाही म्हणून सगळं संपवलं. ओघळ कोपरापर्यंत आले. घरी येऊन ओवा खाल्ला आणि मनाशी ठरवून टाकलं की ह्यात काही नाही. मग तर काळजी दुप्पट झाली, कारण ह्यात काही नाही तर विजू जाते कशाला?

पिंकीची वेणी घालताना मी गोष्ट अलगद काढली. म्हटलं, नाशिक फाट्याचं ते निळं दुकान चांगलं आहे का गं? तर म्हणाली, आम्ही तिथं नाही जात, आम्ही मोशीच्या दुकानात जातो. मी म्हटलं, दोन्हीकडे वेगळं मिळतं का? तर मला शहाणपण शिकवायला लागली, की आजी, सगळ्या निळ्या दुकानांत सगळं सारखंच असतं, ब्रेड सारखा, कागद सारखा, खुर्च्यासुद्धा सारख्या, म्हणून तर त्यांची इतकी दुकानं आहेत. मग मी विचारलं, इथं चालत जाण्यासारखं असताना बसमध्ये उभं राहून एवढ्या लांब मोशीला कशाला? ती म्हणाली, तिथं काका आहेत ना. एवढं बोलून ती रिबिनीचा रंग बदलायला सांगायला लागली. मी त्या दिवशी एक वेणी वर आणि एक खाली घातली. शाळेत तिला हसले म्हणे.

मंगळवारी तू पहिल्या शिफ्टला गेल्यावर मी चाकणच्या बसमध्ये बसले आणि मोशीला उतरले. खरं सांगायचं तर भांडायच्याच तयारीनं गेले होते. पदर खोचलेला होता. बस त्या रस्त्याला लागली तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं नाही, निरंजन त्याच रस्त्यानं कामाला जायचा. पण ते असू दे. दुकान तसंच, पिंकी म्हणाली तसं, खुर्च्यासुद्धा तशाच. काचेमागं एक अडतिशीचा माणूस, डोक्याला टोपी, हातात पातळ हातमोजे, मनगटाच्या वर भट्टीनं भाजल्याचा जुना डाग. रंग सावळा. चेहरा असा की बसमध्ये शेजारी बसला तर लक्षात राहणार नाही. मी म्हटलं, ह्याच्यासाठी? ह्या वेळी मी बसले नाही, शहाणी झाले होते, थेट रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. त्यानं विचारलं, आजी, काय देऊ? मी म्हटलं, काहीही चालेल.

त्यानं हातातली सुरी खाली ठेवली. म्हणाला, "काहीही असं आमच्याकडं मिळत नाही आजी. तुम्हाला काय आवडतं ते सांगा, ते करतो."

विजू, मला सांगता येईना. सहासष्ट वर्षांची बाई मी, मागं कंपनीच्या पोरांची रांग, आणि मला काय आवडतं ते मला माहीत नाही. निरंजनच्या वडलांना वांगं आवडायचं, ते मला माहीत आहे. निरंजनला पिठलं घट्ट लागायचं. पिंकीला कडेचा भाजलेला भात लागतो. माझं काय? मी काचेतल्या त्या चौकोनी डब्यांकडे बघत राहिले. त्यानं मागच्या पोरांना एकेक करून पुढं घेतलं, त्यांचं दिलं, आणि परत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. घाई नाही, कंटाळा नाही. शेवटी मी म्हटलं, टोमॅटो हवा. जास्त. ढबू मिरची नको, तिचा वास मला कधीच आवडला नाही. चाळीस वर्षं मी ती भाजी केली आणि खाल्ली, आणि हे मी पहिल्यांदा बोलले. त्यानं मान हलवली, जसं काही मी फार महत्त्वाचं सांगितलंय. काकडी? हवी. त्या काळ्या फळाच्या चकत्या, ऑलिव्ह का काय ते? नको. तिखट? हवं, पण बेतानं. ब्रेड भाजून त्यानं त्याचे चार तुकडे केले, बाकी सगळ्यांना दोनच करतो. माझ्या कवळीकडे त्याचं लक्ष गेलं असणार.

मी कोपऱ्यात बसून खाल्लं. इतकं चांगलं लागलं म्हणून सांगू, माझ्या तोंडावर हसूच येत होतं, एकटीच हसत बसलेली बाई. भांडायचं राहूनच गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलं तसं कुणीतरी मला करून दिलं होतं. तिसरा तुकडा हातात घेतला आणि मला आपल्या घरचा तो दिवस आठवला.

निरंजनला जाऊन वर्ष झालं त्या दिवशीचा. सात माणसं बसली होती. उद्धवराव, म्हणजे तुझे चुलतसासरे, मधोमध. त्यांनी तुला स्वयंपाकघराच्या दारात बोलावून विचारलं की मग विजयश्री, इथंच राहायचं ना आईजवळ, माहेरी धुळ्याला वगैरे जायचं नाही ना? तुझ्या हातात भाताचं पातेलं होतं. तू म्हणालीस, चालेल. आणि माझा जीव भांड्यात पडला. मी कुसुमताईला सांगितलं, माझी सून स्वतःच्या तोंडानं राहते म्हणाली. भावकीत सांगितलं. त्या एका शब्दावर मी तीन पावसाळे काढले. तुझा शब्द कसला होता ते मला मोशीत, सँडविच खाताना कळलं. मीही तसंच बोलत आले होते ना सगळी वर्षं. फरक एवढाच, माझ्यासमोर त्या माणसानं सुरी खाली ठेवली आणि थांबला. तुझ्यासमोर आम्ही सात जण होतो, आणि एकही थांबला नाही. मी तर नाहीच.

पुढच्या मंगळवारी परत गेले. आता कुणी विचारलं की त्या दुकानात परत जाण्यासारखं काय आहे, तर मी सांगू शकते. रांगेत माझ्या पुढं एक साहेब होता, गळ्यात पट्ट्याचं ओळखपत्र, आणि मागं सिमेंटचे हात असलेला एक बांधकामावरचा. दोघांना त्यानं तेच विचारलं, त्याच आवाजात. कुठले तुम्ही, कुणाच्या तुम्ही, मालक काय करायचे, कधी गेले, असं तिथं कुणी विचारत नाही. काय हवं, एवढंच विचारतात. बाहेर मला कुणी भेटलं की आधी माझं कपाळ बघतं. तुझं तर जास्तच बघत असतील. हे मी त्याला म्हटलं, थोडं फिरवून, दुकानाचं कौतुक म्हणून. तर तो म्हणाला, आजी, ब्रेड कंपनीचा, सॉस कंपनीचा, टोमॅटोच्या चकत्या किती घालायच्या तेही ठरलेलं. "विचारणं तेवढं आपल्या हातात असतं."

गर्दी ओसरली होती म्हणून तो टेबल पुसत बोलत राहिला. म्हणाला, गुरुवारी एक छोटी मुलगी येते, ती काळ्या फळाच्या चकत्या काढून ट्रेमध्ये त्यांचं तोंड करते, दोन डोळे, एक नाक, आणि मग मला विचारते, आज हे कोण आहे ते ओळखा. तिची आई आधी बरेच महिने फक्त मुलीसाठी घ्यायची आणि तिनं उरवलेलं खायची. एक दिवस मी विचारलं, ताई, तुमचं काय करू? त्या नको म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी परत विचारलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, मला तिखट हवं, डोळ्यातून पाणी येईल इतकं. विजू, धुळ्याची पोर, मिरचीच्या ठेच्यावर वाढलेली, आणि आमच्याकडं आल्यापासून अळणी खातेस. आधी निरंजनच्या पित्तासाठी, मग माझ्या बीपीसाठी. अकरा वर्षं. मला एकदाही वाटलं नाही की एक वाटी ठेचा वेगळा करून ठेवावा. आणि हे मला एका परक्या माणसानं टेबल पुसता पुसता सांगितलं.

निघताना मी त्याचं नाव विचारलं. धम्मरत्न, म्हणाला. देहूरोडला राहतो, वडील तिथल्या सरकारी कारखान्यातून रिटायर झाले, आई आहे. आता जे लिहिणार आहे ते लिहू का नको, ह्यात माझे दोन चहा गार झाले. नाव ऐकून मला कळलं तो कोणत्या समाजाचा, आणि माझ्या मनात जे यायचं ते आलं. दोनदा त्याच्या हातचं आवडीनं खाऊन झाल्यावर आलं, हे त्यातलं जास्त लाजिरवाणं. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तुला वाटलं माझे गुडघे दुखतात, तू तेल चोळलंस.

माझ्या माहेरी, भूमकडं, ओसरीबाहेरच्या कोनाड्यात एक कपबशी उपडी ठेवलेली असायची. खुरपायला येणाऱ्या यमुनाबाईंसाठी. त्यांनी ती स्वतः धुवून पुढं धरायची आणि आम्ही चहा वरून ओतायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा मला ओतायला सांगितलं आणि मी हात जास्तच वर धरला, मला त्याची गंमत वाटत होती. चहा त्यांच्या मनगटावर सांडला. उकळता चहा. त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. काही नाही बाई, म्हणाल्या, आणि हात पदरात घेतला. मी हे कुणाला कधी सांगितलेलं नाही, निरंजनच्या वडलांनाही नाही. साठ वर्षं झाली असतील, आणि त्या दोन दिवसांत मला दुसरं काही दिसेना. ज्या माणसानं न सांगता माझ्या घासाचे चार तुकडे केले, त्याच्याविषयी मी काय विचार करत होते? तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली आणि ठरवलं, आता सरळ जाऊन विचारायचं.

मी पोचले तेव्हा तो ब्रेडचे ट्रे बाहेर काढत होता. मी म्हटलं, मी पिंकीची आजी. तर तो म्हणाला, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तुमच्या नाकातल्या मोरणीचं चित्र पिंकीनं रुमालावर काढून दाखवलंय. बघ म्हणजे, मी आपली हेर होऊन फिरत होते आणि माझं चित्र आधीच पोचलेलं. मग मी विचारलं, तुझ्या मनात काय आहे? तो म्हणाला, ते विजयश्रींनी तुम्हाला सांगावं, माझ्याकडून बरं दिसत नाही. मी म्हटलं, ती मला गॅस संपला का एवढंच विचारते, तूच सांग. तेव्हा त्यानं टोपी काढली आणि खाली बघून म्हणाला, "दिवाळीनंतर मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आई एकट्या पडतील. मी परत विचारलं नाही."

तिखटाला त्यानं तीनदा विचारलं आणि ह्याला एकदाच. माणूस कळला मला.

मी थेरगावला उद्धवरावांकडे गेले. मोठे आहेत, त्यांना आधी सांगावं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं, मुलाची माहिती विचारली, ती मी त्याच्याकडून कळली तशी सांगितली. आठ वर्षं चाकणच्या एका कंपनीत लाइनवर होता, कॉन्ट्रॅक्ट संपलं, मग इथं लागला, आता दुकान तोच बघतो. दोन बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं. मग त्यांनी नाव विचारलं. नाव ऐकल्यावर चहा अर्धा ठेवून उठले. भावकी काय म्हणेल, वहिनी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का, निरंजनचा आत्मा काय म्हणेल. निरंजनचं नाव काढलं म्हणून मला बोलावं लागलं, नाहीतर दिराशी मी आयुष्यात वर मान करून बोलले नाही. म्हटलं, "उद्धवराव, भावकी तेराव्याला जेवायला आली होती. त्यानंतर घरात मी आणि विजूच आहोत." ते आता आपल्याकडं येणार नाहीत बहुतेक. गणपतीत तुला त्यांच्याकडं मोदक करायला जावं लागणार नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

आणि तिथून निघाले ती जोरातच. मोशीला जाऊन धम्मरत्नला सांगून टाकलं की ह्या गुरुवारी आईला घेऊन घरी जेवायला ये, मी सगळं ठरवलंय. घरी येऊन, गुरुवार लांब असताना, हरभऱ्याची डाळसुद्धा भिजत घातली. पुरणाला. डाळीत पाणी ओतलं आणि मग लक्षात आलं. मी हे काय केलं? परत एकदा तुझ्याऐवजी मीच सांगून मोकळी झाले. तेव्हा राहायचं मी ठरवलं, आता जायचं मीच ठरवते, आणि तू हातात पातेलं घेऊन दारात. काल सकाळी तशीच उठून परत गेले. कंडक्टर आता मला ओळखतो, विचारत होता आजी मोशीत नोकरी लागली का. धम्मरत्नला म्हटलं, येऊ नकोस. तिनं बोलावलं तरच ये. तो जरा हसला आणि म्हणाला, तुम्ही म्हणालात तेव्हाही मी त्यांना विचारूनच येणार होतो. भिजलेल्या डाळीची काल आमटी झाली. तू म्हणालीस, आज एवढी डाळ का.

तर पत्र लिहायचं कारण हे. तू त्याला जे उत्तर दिलंस त्यात माझं नाव आहे. ते नाव काढून घ्यायला मी हे लिहिलंय. माझं नाव काढल्यावर खाली तुझं जे उत्तर उरेल, ते त्याला सांग. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही. नाही म्हणालीस तरी मला तू ह्या घरात हवीच आहेस, पण माझी राखण म्हणून नको. मी एकटी पडेन का? पडेन. पडणार नाही असं लिहून तुला फसवायचं नाही मला. तू गेलीस तर पहिले काही महिने मला फार जड जातील, आणि कुसुमताईच्या घरात मी जरा जास्त जाऊन बसेन. पण ते दुःख माझं आहे बाई, ते मी सांभाळेन, ते तुझ्या डब्यात बांधून मी तुला देणार नाही. शनिवार-रविवार पिंकी मला दे, एवढं मागते. आणि लग्न झालंच तर मी मुलीकडच्या बाजूला, तुझ्या आईशेजारी उभी राहीन, कुणी काही म्हणो. राहिला निरंजनचा फोटो. नेऊ का ठेवू, आईंना काय वाटेल, असा विचार तू करत बसशील, मी तुला ओळखते. तो इथंच राहू दे. तू सात वर्षं त्याची बायको होतीस, चांगली होतीस, ते पूर्ण झालं. मी त्याची आई आहे, ते काही पूर्ण व्हायचं नाही. तुला जायचं असेल तर मागं वळून बघू नकोस. त्याच्याजवळ मी आहे.

तुझीच,
आई